पावणेतीन मिलिमीटरची तडजोड

दिल्लीत चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १८०४० क्रमांकाचे एक डिझेल इंजिन उभे आहे. अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून १९६२ मध्ये डब्ल्यूडीएम-२ जातीची जी इंजिने आली, त्यांतले हे पहिले. पुढे दोन वर्षांत वाराणसीच्या कारखान्यात हीच जात बनू लागली आणि देशभर पसरली. कल्याण आणि पुण्याच्या शेडमधली अशी इंजिने ओढत असलेल्या गाड्यांतून मराठी माणसांच्या एका पिढीने सुट्टीचे प्रवास केले आहेत. संग्रहालयात येणारे बहुतेक लोक त्याच्यापुढे फोटो काढतात आणि टॉय ट्रेनच्या रांगेकडे वळतात. एखादाच असा निघतो की जो वाकून चाकांमधले अंतर डोळ्यांनी मोजतो, पायरीच्या कोनाचा फोटो काढतो, छतावरच्या पंख्याच्या जाळीसाठी टाचा उंचावतो. हा माणूस घरी इंजिनाचे मॉडेल बनवतो आहे, हे ओळखावे.

बनवतो म्हणजे बहुधा दुसऱ्या इंजिनाचे मॉडेल कापून आपले करतो. मॉडेल रेल्वेच्या मोठ्या परदेशी कंपन्यांच्या यादीत अमेरिकी, जर्मन, ब्रिटिश, स्विस इंजिने शेकड्यांनी असतात, पण भारतीय ब्रॉडगेजचे इंजिन शोधून सापडणे कठीण. मग दिल्ली, गाझियाबाद, गुरुग्रामचे हौशी लोक जवळचा नातेवाईक शोधतात. डब्ल्यूडीएम-२ ला तो सापडतो, कारण घराणे एकच आहे. अल्कोच्या आरएसडी-१२ या अमेरिकी इंजिनाच्या बोगीत तीन आस असतात आणि त्यांच्यातली अंतरे सारखी नसतात. आपल्या डब्ल्यूडीएम-२ ची बोगीही तशीच. अॅटलास या मॉडेल-कंपनीचे आरएसडी-१२ मिळाले की खालचा भाग तयार मिळतो. वरचे सगळे मात्र प्लॅस्टिकच्या पत्र्यातून स्वतःच कापायचे. खरे इंजिन बफरसकट सुमारे १७.१२ मीटर लांब आहे. एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात ते १९७ मिलिमीटर होते. ओंजळीत मावेल एवढ्या या वस्तूवर महिनेच्या महिने जातात.

पहिली अडचण रुळांपासूनच. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. जगात बहुतेक ठिकाणी चालणारा १४३५ मिलिमीटरचा गेज ८७ ने भागला की हाच आकडा येतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. तो भागला तर सव्वाएकोणीस येतो. म्हणजे बाजारातल्या रुळांवर भारतीय इंजिन ठेवले की त्याच्या चाकांमधले अंतर पावणेतीन मिलिमीटरने कमी होते. खऱ्या मापात पाहिले तर हे एक वीत आणि वर थोडे. समोरून पाहिले की अंग रुंद आणि पाय बारीक दिसतात. स्वतः रूळ अंथरून अचूक गेज करणारे लोक आहेत, पण मग दुसऱ्याच्या रुळांवर गाडी चालवायची सोय राहत नाही. बाकीचे तडजोड पत्करतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही असे माझे मत आहे. ब्रिटनने तर अख्खा छंदच अशा तडजोडीवर उभारला. तिथली इंजिने अंगाने लहान असल्यामुळे छंदाच्या सुरुवातीच्या काळातल्या विजेच्या मोटारी मॉडेलच्या आत मावेनात. म्हणून त्यांनी इंजिन १:७६ चे केले आणि रूळ १६.५ चेच ठेवले. आज तेथल्या दुकानांत तेच प्रमाण चालते.

गेजची तडजोड निमूट चालते, अपघात पुढे होतात. सगळ्यात महागडा अपघात डिकोडरचा. हल्लीच्या डिजिटल पद्धतीत रुळांत सतत वीज असते आणि प्रत्येक इंजिनातली एक छोटी पट्टी, म्हणजे डिकोडर, आपल्या नंबरचा हुकूम ऐकून मोटार फिरवते. तारांचे रंग ठरलेले आहेत: लाल आणि काळी रुळांकडून वीज घेतात, नारिंगी आणि करडी मोटारीकडे जातात, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दिव्यांची सामाईक. रंग जुळवून तारा डागल्या की झाले, असे वाटते. पण जुन्या अमेरिकी मॉडेलांत मोटारीचे एक टोक थेट धातूच्या चासीला टेकलेले असते आणि चासी रुळाला. ते वेगळे न करता डिकोडर बसवला तर रुळाची वीज उलटी त्याच्या पोटात शिरते. बारीकसा वास, चिमूटभर धूर, आणि परदेशातून मागवलेली वस्तू राख. म्हणून मोटार चासीतून सोडवायची, खाली वीज अडवणाऱ्या कॅप्टॉन टेपचा थर द्यायचा, प्लॅस्टिकचा स्क्रू लावायचा आणि मल्टिमीटरचे एक टोक मोटारीवर, दुसरे आळीपाळीने दोन्ही रुळांच्या बाजूला लावून बघायचे. मल्टिमीटर मुका राहिला तरच पुढे जायचे. लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये डाग देण्याची कथिलाची तार, एलईडी, बारीक वायर असे सगळे मिळते. जळालेला डिकोडर तेवढा तिथे दुरुस्त होत नाही.

रंगाचे दुखणे दिल्लीच्या हवेचे आहे. मे-जूनच्या लूमध्ये एअरब्रशमधून निघालेला रंग इंजिनापर्यंत पोचायच्या आत वाळतो आणि अंगावर खरखरीत पूड बसते. श्रावण-भाद्रपदाच्या दमटपणात लॅकरवर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर हवेतली धूळ ओल्या रंगावर बसायला टपलेलीच असते. फेब्रुवारी-मार्च हे महिने खरे. चुकलेला रंग काढायला कुणी नेलपॉलिश रिमूव्हर वापरला की संपलेच, कारण त्यातल्या अॅसिटोनने प्लॅस्टिकही विरघळते. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे, तेही आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून बघून. खिडकीची काच फेविक्विकने चिकटवणे हाही असाच हमखास घात. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक धुरकट होते.

आणि मग अक्षरे. भारतीय इंजिनावर शेडचे नाव देवनागरीत असते. इंकजेट प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, म्हणून पांढऱ्या डिकल कागदावर अक्षरांभोवती बॉडीचा रंग छापावा लागतो, आणि तो रंग बॉडीशी कधीच पूर्ण जुळत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी घसरून ‘गाझियाबाद’चे भलतेच काही होते ते निराळे. दीड मिलिमीटर उंचीचे ते अक्षर परका माणूस वाचणार नाही. दुसरा हौशी पहिल्या नजरेत वाचेल. बफर हाही आपला खास खोडा: अमेरिकी इंजिनाला तो नसतो, आपल्याला लावावाच लागतो, आणि तीव्र वळणावर दोन डब्यांचे बफर एकमेकांत अडकले की गाडी रुळांवरून घसरते.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून सुरू आहे, त्यामुळे हा छंद मराठी माणसाला अगदी परका नाही. पण चाणक्यपुरीत आपल्या घरचा एक गडी आहे, त्याचे मॉडेल करायला कुणी मराठी हात पुढे येईल तर बरे. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धारण केलेले ते विजेचे इंजिन १९२८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या विंटरथूर कारखान्याने आणि इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेसाठी बांधलेल्या ४१ इंजिनांपैकी एक. घाटात मालगाड्या ओढणारी ही इंजिने आपले लोक ‘खेकडा’ म्हणूनच ओळखत. त्यांचा स्विस चुलतभाऊ ‘क्रोकोडाइल’ मॉडेलच्या दुकानांत सर्रास मिळतो, पण त्याला दोन्ही टोकांना एकेक बारीक चाकाची जोडी आहे आणि आपल्या खेकड्याला ती नाही. ती जोडी काढून टाकली की सुरुवात करायला तेवढे पुरे आहे.

पुढची अडचण रंगाची आणि बारीक तपशिलांची. त्यासाठी ज्यांच्या घरी कुणी कल्याण, इगतपुरी, पुण्याच्या शेडमध्ये फिटर, ड्रायव्हर, फायरमन होते, त्यांनी कपाटातले जुने फोटो बघावेत. इंजिनाच्या बाजूचा एखादा स्पष्ट फोटो असेल, मागे तारीख लिहिलेली असेल, तर तो फेकू नका, स्कॅन करून जपून ठेवा. त्यावरूनच कुणीतरी इंजिन बनवेल.