तुझं नाव कुठल्या यादीत आहे?

आमच्या गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीत माझ्या मावसभावाने सदस्यपदासाठी उभं राहायचं ठरवलं. वय 23, वाडीतली सगळी पोरं पाठीशी, घरोघरी चहा पिऊन झालेला. अर्ज भरायला बसला आणि कळलं, गावच्या मतदार यादीत त्याचं नावच नाही! शहरात शिकायला गेल्यावर त्यानेच ते रूमच्या पत्त्यावर हलवून घेतलं होतं. विषय तिथेच संपला.

निवडणूक लढवायची तर पैसा आणि गॉडफादर हवा, असं आपण कट्ट्यावर बोलतो. पण पहिली अट साधी आहे, यादीत नाव हवं.

मतदानाचं वय 18. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका लढवायला 21 पुरे. आमदारकीला मात्र 25 लागतात. म्हणजे मी आज 22व्या वर्षी आमदार होऊ शकत नाही, पण नगरसेविका होऊ शकते.

गंमत पुढेच आहे. आमदारकीसाठी राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव असलं तरी चालतं. नागपूरचा मतदार कोल्हापुरातून उभा राहू शकतो. ग्रामपंचायतीला तसं नाही. त्याच गावच्या यादीत नाव पाहिजे.

या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यासाठी तो वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी वापरतो. आयोगाने ठरवलेल्या तारखेला यादीत जे नाव असेल, तेच धरलं जातं. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

बाकी कागदही आधीच जमवावे लागतात. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अॅडमिशनच्या वेळी ज्यासाठी चपला झिजवल्या, तेच. ग्रामपंचायतीला 1995 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना किमान सातवी पास असणं सक्तीचं आहे. अर्जांची छाननी होते, मग माघारीची मुदत, मग चिन्हवाटप. ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे तिकिटासाठी कुणाच्या मागे फिरायची गरज नाही.

मग नाव ठेवायचं कुठे? एका वेळी एकाच ठिकाणी. शिकायला बाहेर राहणाऱ्यांना घरचा पत्ता किंवा हॉस्टेल-रूमचा पत्ता, यातला एक निवडता येतो. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलायला फॉर्म 8. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. शहरात तीनच वर्षं राहायचंय आणि जीव गावच्या पाण्या-रस्त्यात अडकलाय, तर भरण्याआधी जरा विचार करा.

भावाने फॉर्म 8 भरून नाव परत गावी नेलंय. पुढच्या निवडणुकीसाठी आता पाच वर्षं थांबणं आलं. परवा फोनवर म्हणाला, ‘‘ताई, भाषण पाठ केलं होतं गं, यादी तेवढी बघायची राहिली.’’

तुम्ही बघितलीये का?