फ्रीज थंड का होईना?

गावातल्या पुष्कळ घरांत आता फ्रीज आला आहे. त्यात दूध असते, भाजी असते. कुणाकडे मधुमेहाचे इन्शुलिनही असते. म्हणून फ्रीज थंड होईनासा झाला, की आपण घाबरतो. पण आधी नीट पाहू या.

फ्रीज थंडी तयार करीत नाही. विहिरीतले पाणी उपसावे, तशी तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. म्हणून आपण दोन गोष्टी पाहायच्या. उष्णता आत शिरते का? बाहेर पडायला तिला वाट आहे का?

दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला, तर रबर सैल झाले आहे. आत बोटभर बर्फ साचला असेल, तर वीज बंद करून तो वितळू द्या. सुरीने खरवडू नका, नळी फुटेल. मागची जाळी धुळीने भरली असेल, तर पिन काढून ती ब्रशाने झाडा. फ्रीज भिंतीला चिकटवू नका.

आता कान द्या. मोटर चालू होत नाही, नुसती टकटक करते? विजेचा दाब कमी असेल. मोटर सारखी चालते, तरी गारवा नाही? मग बहुधा गॅस गळला. इथे मिस्त्रीच हवा. गॅस आपोआप संपत नाही. आधी गळती बुजवा, मग गॅस भरा, असे त्याला सांगावे.

तोवर इन्शुलिन शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये ठेवा. त्याला २ ते ८ अंश लागतात. मात्र ते बर्फाच्या खणात ठेवू नका. गोठले, की ते वाया गेले.