फडकं काळं झालं म्हणजे पेटी मळकी होती असं नाही

आजच्या विषयाचं नाव वाचून दोन-तीन जणांनी आधीच विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना मोटारसायकलच्या पेट्यांशी काय करायचंय? उत्तर साधं आहे. आमच्या हातून एक पेटी बिघडली. ती का बिघडली हे समजून घ्यायला आम्ही जेवढा अभ्यास केला, तेवढा निवृत्तीनंतर दुसऱ्या कशाचाच केलेला नाही.

पेट्या म्हणजे कुठल्या, ते आधी सांगतो. लांबच्या प्रवासाच्या गाडीला मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना चौकोनी, रुपेरी डबे लावलेले असतात, त्यांना पॅनिअर म्हणतात. 2004 मध्ये युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोचले, ती मालिका पाहून या डब्यांचं वेड बऱ्याच जणांना लागलं. आपल्याकडे 2016 मध्ये हिमालयन ही गाडी आल्यावर ते रस्त्यावर अधिक दिसू लागले. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा. आमच्या आईच्या भाषेत ‘जर्मनचा’. जर्मनची पातेली तुमच्याही घरात असतील, त्यांचा उपयोग पुढे होईल.

आमचा एक जुना मित्र साठी उलटल्यावर मनालीहून लेहला जाऊन आला. प्रत्येक घाट ओलांडला की त्यानं डाव्या पेटीच्या झाकणावर खिळ्यानं नाव कोरलं. रोहतांग, बारालाचा, तांगलांग. पुढे गुडघे गेले, गाडी मुलीकडे आली. तिला स्पितीला जायचं होतं. पेट्या पार कळकट झालेल्या. मित्र म्हणाला, “तुला वेळच वेळ आहे, जरा साफ करून दे.” आम्ही हौसेनं आणल्या.

डाव्या पेटीवर साखळीच्या तेलाचे चिकट शिंतोडे होते. घरात स्वयंपाकघरातल्या चिमणीचा तेलकटपणा काढायचं द्रव होतं. चिमणीचं तेल निघतं तर साखळीचं का निघू नये, असा आम्ही तर्क केला. (तर्कशास्त्र हा आमचा पेपर होता, बरं का.) द्रव फवारलं. पत्र्यावर बारीक बुडबुडे आले, फसफसलं. आम्हाला वाटलं, मळ सुटतोय. दहा मिनिटांनी धुतलं तर पेटी काळपट राखाडी, ठिकठिकाणी डागाळलेली.

झालं काय होतं? अ‍ॅल्युमिनियम हा फार चटकन हवेशी संयोग पावणारा धातू आहे. उघडा पडला रे पडला की त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो काही नॅनोमीटरच जाडीचा असतो, पण घट्ट असतो आणि खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पाडतो, इथे तसं होत नाही. हे ऑक्साइड कसलं, तर माणिक आणि नीलम ज्याचे बनलेले आहेत तेच रासायनिक द्रव्य. म्हणजे पेटी जी थोडी मंद, दुधाळ दिसते ना, ते तिचं कवच आहे. हे कवच साधारण 4 ते 8.5 पीएचमध्ये टिकतं. त्याच्या खाली आम्ल, वर अल्कली, दोन्ही त्याला खातात. चिमणीच्या त्या द्रवात कॉस्टिक सोडा होता. त्यानं कवच विरघळवलं, मग धातूलाच हात घातला. ते बुडबुडे हायड्रोजनचे होते. आणि पत्रा निव्वळ अ‍ॅल्युमिनियमचा नसतो, त्यात मिसळलेले दुसरे धातू सोड्यात विरघळत नाहीत, ते काळ्या थराच्या रूपानं मागे राहतात.

आता पातेल्याकडे या. जर्मनच्या पातेल्यात जड पाणी उकळत राहिलात तर ते आतून काळवंडतं, आणि चिंचेचं सार केलं की लख्ख होतं. हे आपल्या आज्यांना पाठ होतं. आम्ल वरचा थर काढतं म्हणून ते लख्ख होतं. तेव्हा पेटीला लिंबू लावलं तर ती उजळते, यात चमत्कार नाही. लावायचंच तर पातळ करून, मिनिटभर, आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. रोजचा उपाय म्हणून नको. भांड्यांच्या पावडरीत आणि वडीत बहुतेक वेळा सोडा असतो, त्याही नकोत. चुना, ओलं सिमेंट यांची अल्कली अशीच जोरकस असते, म्हणून बांधकामाखाली गाडी लावू नका. थेंब पडलाच तर वाळायच्या आत धुवा.

पण आमची खरी चूक पुढची होती. काळा थर काढायला आम्ही पॉलिशची पेस्ट आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. फडकं घासलं की काळं व्हायचं. घडी बदलली, पुन्हा काळं. आम्ही म्हटलं, केवढा मळ! संध्याकाळपर्यंत घासत होतो. नंतर कळलं की ते काळं बऱ्याच वेळापासून मळ नव्हतंच. अ‍ॅल्युमिनियमची अतिबारीक भुकटी आणि तिचं ऑक्साइड काळं दिसतं. स्वच्छ, नवा पत्रा घासलात तरी फडकं काळंच होणार. फडकं पांढरं निघेपर्यंत घासायचं ठरवलंत तर पेटी संपेल, फडकं पांढरं निघणार नाही. रज्जुसर्पाचा दृष्टांत आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगितला, आणि घरच्या गच्चीवर दोरीला साप समजून दिवसभर बडवत बसलो.

पेटी आरशासारखी झाली. झाकणावरची तीनही नावं गेली.

तर ज्यांच्याकडे अशा पेट्या आहेत त्यांनी काय करावं? आधी आपली पेटी कुठल्या जातीची आहे ते ओळखा. रंगाचा, म्हणजे पावडर कोटचा थर असेल तर तो डोळ्यांना दिसतो. तिथे गाडीचा शॅम्पू आणि मेण, घासणी अजिबात नाही. पण उघडा पत्रा आणि रुपेरी अ‍ॅनोडाइज केलेला पत्रा सारखेच दिसू शकतात. अ‍ॅनोडाइज म्हणजे तेच ऑक्साइड विजेच्या साहाय्यानं मुद्दाम जाड केलेलं, काही मायक्रॉनपर्यंत. त्यातून वीज जात नाही. इलेक्ट्रिशियनकडचा मल्टिमीटर बीपवर ठेवा, दोन्ही टोकं हलकेच टेकवा. बीप वाजला तर पत्रा उघडा. नाही वाजला तर वर थर आहे, आणि त्याला पॉलिश लावू नका, चट्टे पडतील.

उघड्या पत्र्याला कोमट पाणी, सौम्य शॅम्पू, मऊ फडकं. तेलाच्या डागाला थोडं रॉकेल, मग पुन्हा शॅम्पू. ओरखडे एकसारखे करायचेच असतील तर नायलॉनची घासणी, आणि पत्र्याची रेघ ज्या दिशेनं आहे त्याच दिशेनं, सरळ. गोल गोल घासलं की उन्हात भोवरे दिसतात. लोखंडी तारेची घासणी कधीही नको, तिचे कण पत्र्यात रुततात आणि गंजतात. शेवटी गाडीचं मेण.

आत्ता मागून कुणी विचारतंय, टूथपेस्ट चालेल का? चालेल, पण तीही घासणारीच आहे, फक्त दातांच्या बेतानं.

कोकणात फिरणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. खारी हवा त्या कवचाला भोकं पाडते, पांढऱ्या पुटकुळ्या येतात. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट जिथे अ‍ॅल्युमिनियमला टेकतो तिथे मीठ आणि ओल मिळून छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. समुद्रावरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा. पावसाळ्यात गाडीवर ओलं कव्हर टाकून ठेवू नका, पेटीवर डाग धरतात. आत कपडे नुसते ठेवू नका, पिशवीत ठेवा, नाहीतर सदरा त्या फडक्यासारखा होईल.

मित्राला पेट्या परत दिल्या तेव्हा त्यानं डाव्या झाकणावरून बोटं फिरवली. “घाट कुठे गेले?” एवढंच विचारलं. आम्ही हायड्रोजनपासून सुरुवात केली, पण त्यानं हातानंच थांबवलं. मुलगी स्पितीला गेली आणि आली. डाव्या पेटीचा आरसा पहिल्याच पावसात मंदावला, आता तिच्यावर तिच्या स्वतःच्या अक्षरात ‘कुंझुम’ असं कोरलेलं आहे. उजव्या पेटीला आम्ही हातच लावला नव्हता. ती अजून कळकट आहे आणि मित्रानं ती आमच्याकडे धुवायला दिलेली नाही.