फुप्फुसातील दुर्मिळ अर्बुदे आणि त्यांचे निदान

कोकणात पावसाळा लागला की तमक श्वासाचे रुग्ण वाढतात, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या गर्दीत क्वचित असाही रुग्ण येतो की ज्याची घरघर दम्याची नसून श्वासनलिकेत वाढणाऱ्या अर्बुदाची असते. तो धूम्रपान करीत नाही, वय तिशी-चाळिशीचे, वजनही टिकून असते; त्यामुळे कर्करोगाची शंका कोणासही येत नाही.

या दुर्मिळ प्राथमिक अर्बुदांत कार्सिनॉइड प्रमुख होय. फुप्फुसाच्या एकूण अर्बुदांत त्याचे प्रमाण १ ते २ टक्केच आहे. लालाग्रंथींच्या अर्बुदांशी साम्य असणारी अॅडिनॉइड सिस्टिक व म्यूकोएपिडर्मॉइड अर्बुदे त्याहूनही विरळ. ही सावकाश वाढतात आणि दमा वा क्षय समजून वर्षानुवर्षे औषधे चालू राहतात.

तमक श्वासात कूजन बहुधा दोन्ही बाजूंस ऐकू येते. येथे ते एकाच बाजूस, ठरावीक जागी असते व खोकल्यानंतरही तेथेच राहते. एकाच खंडात पुन:पुन्हा न्यूमोनिया होतो. थुंकीतून रक्त पडते, परंतु तपासणीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत. अशा वेळी एक्स-रे निर्दोष आला तरी समाधान मानू नये. सीटी स्कॅन व ब्रॉन्कोस्कोपी करवावी. कार्सिनॉइडवरील श्लेष्मल आवरण बहुधा अखंड असल्याने थुंकीत त्याच्या पेशी क्वचितच उतरतात. त्यात रक्तवाहिन्याही विपुल, म्हणून तुकडा अनुभवी हातांनीच घ्यावा. अंतिम निर्णय ऊतिपरीक्षणाचा. मुंबईत परळ येथे १९४१ पासून कार्यरत असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात याची सोय आहे.

व्याधीचे नाव ठाऊक नसले तरी वैद्याने लज्जित होऊ नये, दोष जाणून चिकित्सा करावी, असे चरकाचार्य सांगतात. आमच्या मते येथे मात्र त्या वचनाचा आधार घेणे घातक ठरेल, कारण नाव कळल्याखेरीज शस्त्रकर्माचा निर्णय होत नाही. सौम्य प्रकारचे कार्सिनॉइड वेळीच पूर्ण काढल्यास ९० टक्क्यांच्या आसपास रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. कनकासव वा सितोपलादी वारंवार नेणाऱ्या ग्राहकास रक्त पडते काय, घरघर एकाच बाजूस जाणवते काय, एवढे विचारून त्यास वैद्याकडे धाडावे. जुने एक्स-रे फेकू नयेत, हेही त्यास बजावावे. तोच खंड पुन्हा बिघडला आहे, हे त्यांवरूनच सिद्ध होते.