ओहोटीचं पाणी आणि नदीतलं पोहणं

गारगोटीहून सहलीच्या गाड्या फोंडा घाट उतरून मालवण-देवगडकडे निघाल्या की एक सल्ला हमखास ऐकू येतो : भरतीला नको, ओहोटीला खुशाल पाण्यात उतरा. हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

भरती म्हणजे मोठ्या लाटा, हेच मुळात खरं नाही. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते, लाटा वाऱ्याने उठतात. भरती पाण्याची पातळी वाढवते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला सिंधुदुर्गात हा चढउतार दोन मीटरच्या आसपास असतो, अष्टमीच्या सुमारच्या भांगाला बराच कमी. पण पातळी बदलली की लाटेची फुटायची जागा बदलते.

वाळूचा तळ सपाट नसतो. त्यात आडवे उंचवटे असतात आणि मधूनमधून खोलगट वाटा. पूर्ण भरतीला लाटा उंचवट्यांवरून सरकत येऊन काठाशीच आपटतात. ओहोटीला उंचवटे उथळ होतात, लाटा तिथेच फुटतात आणि आत लोटलेलं पाणी त्या खोलगट वाटांनी जोरात परत जातं. वाटेत पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये गुळगुळीत, किंचित गढूळ पट्टा दिसतो. शांत पाणी समजून लोक नेमके तिथेच मुलांना उतरवतात.

हा प्रवाह खाली ओढत नाही, बाहेर नेतो आणि फुटत्या लाटांपलीकडे बहुधा ओसरतो. माणूस बुडतो तो त्याच्याशी झुंजून दमल्यामुळे.

‘मला गारगोटीच्या वेदगंगा नदीत पोहता येतं’ हा भरवसा इथेच फसतो. पुरात प्रवाहाच्या उलट कुणी हात मारत नाही, तिरकं जाऊन काठ गाठतो. समुद्रात मात्र काठच प्रवाहाच्या वरच्या अंगाला असतो! सरळ काठाकडे पोहणं म्हणजे उलट पोहणं. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून मदत मागा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत तिकडे सरका आणि त्यांच्याबरोबर आत या. वाचवायला जाणाऱ्याने आधी दोर किंवा रिकामा कॅन फेकावा.

धोका फक्त पावसाळ्यात असतो असंही नाही. एप्रिल २०१७मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या सहलीतले आठ जण बुडाले. वाळू हलते तशा तळातल्या या खोलगट वाटाही जागा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीची ‘सुरक्षित’ जागा धरून चालू नका. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या मच्छीमारांना किंवा जीवरक्षकांना विचारा.