कनेक्शन तुमच्या नावावर आहे

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला. त्याचा माग काढत तपास पथक पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहणाऱ्याचे वायफाय भलत्यानेच वापरले होते. पुढच्या महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजातून आणि सप्टेंबरात, दिल्लीतल्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून असेच ईमेल गेले. २००९ मध्ये मुंबई पोलिस उघडी वायफाय नेटवर्क शोधत रस्त्यांवर फिरू लागले, ते यामुळेच.

आज बिनपासवर्डाचे वायफाय क्वचितच सापडते. पण पासवर्ड कसला असतो? बहुतेक दुकानांत मालकाचा मोबाइल नंबर, जो पाटीवरही असतो आणि बिलावरही. तो कुणाला ठाऊक नसला, तरी घुसखोराचे फारसे बिघडत नाही. डब्ल्यूपीए-टू या प्रचलित पद्धतीत फोन आणि राउटर एकमेकांची ओळख पटवतात, तेव्हाची देवाणघेवाण आसपास बसलेल्या कुणालाही टिपता येते. ती घेऊन तो घरी जातो आणि संगणकाला एकेक पासवर्ड ताडून बघायला लावतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. गेम खेळण्यासाठीचे ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासते. काम काही तासांत उरकते!

त्यापेक्षा एकमेकांशी काही नाते नसलेले चार-पाच शब्द घ्या. करवंद, पत्रा, झुंबर, तालीम, सोमवार असे काहीही, रोमन लिपीत सलग लिहिलेले. (हे पाच मात्र आता छापून आले, ते नकोत.) २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-थ्रीने घरी बसून ताडण्याची ही वाटच बंद केली. राउटरमध्ये तो पर्याय असेल तर तोच निवडा.

वायफायच्या पासवर्डाखेरीज राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, आणि केबलवाला तो बहुधा कंपनीने दिला तसाच ठेवून जातो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपन्यांनी दिलेल्या अशाच साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरचे लाखो राउटर, सीसीटीव्ही कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. दुकानातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कधी बदललाय का, हे आजच बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलातच, तर डब्ल्यूपीएस ही पासवर्डाऐवजी पिनने जोडण्याची सोयही बंद करा. त्याचा आठ अंकी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे फार तर ११ हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. नेटवर्कचे नाव लपवून मात्र काही साधत नाही. मोफत मिळणाऱ्या साधनांनीही ते शोधता येते.

छोट्या व्यावसायिकांना माझे कळकळीचे सांगणे गेस्ट नेटवर्कविषयी आहे. बसलेल्या गिऱ्हाइकाने वायफाय मागितले तर नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. पण हिशेबाचा, बिलिंगचा संगणक त्याच नेटवर्कवर असेल, तर गिऱ्हाइकाच्या व्हायरस लागलेल्या फोनला तुमच्या खातेवहीपर्यंत वाट मिळते. बऱ्याच राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची, म्हणजे गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या नेटवर्कची, सोय असते, तिला वेगळा पैसा पडत नाही. ती चालू करा, गिऱ्हाइकांना तिचाच पासवर्ड द्या आणि दर महिन्याला तो बदला. आतल्या नेटवर्कचा पासवर्ड तेव्हा बदला, जेव्हा एखादा कामगार नोकरी सोडून जातो.