शब्द, वस्तू आणि चित्रसंहिता : चित्रपट-नियोजनाच्या मुक्त संगणकीय साधनांविषयी

'अडसर' हा शब्द आजच्या मराठीत बहुधा लाक्षणिक अर्थानेच वावरतो. कामात अडसर येतो, विवाहात येतो, पदोन्नतीत तर हटकून येतो. परंतु भिंतीच्या जाडीत ठेवलेल्या लांब पोकळीतून ओढून काढावयाचा आणि दारामागून नेऊन समोरच्या भिंतीतील खोबणीत सारावयाचा तो सागवानी वासा प्रत्यक्ष पाहिलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात क्वचितच आढळतो. कोशात अर्थ मिळतो. त्या अर्थामागची हालचाल कोशात मावत नाही. ती टिपावयाची तर चलच्चित्राचाच आश्रय केला पाहिजे, आणि भाषाशास्त्राच्या अध्यापकास चित्रपटाच्या आराखड्यासंबंधी लिहिण्याचा जो काही अधिकार पोहोचतो तो एवढ्यापुरताच.

काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतील एक दुमजली वाडा पुनर्बांधणीसाठी पाडावयाचा ठरला. घरच्या मंडळींनी आम्हांस एक दिवस दिला. वाड्याच्या अंगोपांगांची नावे संग्रहित करावीत, या हेतूने चार विद्यार्थी उसना कॅमेरा घेऊन गेले. घरातील ऐंशी ओलांडलेल्या आजींनी दिंडी दरवाजापासून परसापर्यंत त्यांना हिंडवले. सुमारे साडेतीन तासांचे चित्रण झाले. ते विभागात लावून पाहिले तेव्हा ध्यानात आले की, कॅमेरा सर्वकाळ आजींच्या मुखावर खिळलेला आहे. "हा बघा अडसर, मुलांनो, हा असा ओढायचा," असे त्या म्हणतात, त्यांचा हात चौकटीबाहेर जातो, लाकूड दगडावर घासल्याचा आवाज येतो, आणि हात परत येतो. देवडी, कडीपाट, दिवळी, तुळई या सर्वांची हीच गत. शब्द आला, ध्वनी आला, वस्तू आली नाही. पुन्हा जावयाचे ठरेपर्यंत तीन आठवडे लोटले आणि तोवर वाड्याच्या जागी मातीचा ढीग उरला होता. यात विद्यार्थ्यांचा दोष नव्हता. त्यांच्या हाती मी शब्दांची यादी दिली होती. चित्रांची यादी द्यावयास हवी होती.

अशा चित्रांच्या यादीस चित्रपटाच्या व्यवसायात स्टोरीबोर्ड म्हणतात. अमेरिकेत डिस्ने यांच्या चित्रशाळेत १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रसंगांची रेखाटने सुट्या कागदांवर काढून ती क्रमाने भिंतीवरील फळ्यावर टाचण्याची पद्धत पडली. 'बोर्ड' हा शब्द त्या फळ्यामुळे आला. आज फळा राहिला नाही, शब्द राहिला. मराठीत यास काय म्हणावे? 'कथाफलक' हे शब्दशः भाषांतर मला निर्जीव वाटते. 'पटकथा' आणि 'संहिता' हे शब्द रूढ असल्याने त्यांच्या पंक्तीस 'चित्रसंहिता' शोभेल, म्हणून मी तो वापरतो. मात्र छायालेखकाशी बोलताना 'स्टोरीबोर्ड' म्हटल्यावाचून काम होत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

नाव परके असले तरी वस्तू सर्वस्वी परकी नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी पुढ्यात घेऊन बसतात आणि एकेक चित्र उचलून धरीत त्यावरील कथाभाग गाऊन सांगतात. चित्र बदलले की प्रसंग बदलला. चित्रसंहितेचे मूळ तत्त्व, म्हणजे अखंड कथनाचे पृथक् चौकटींत विभाजन, येथे पूर्णत्वाने आहे. (पैठणी म्हणून ओळखली जाणारी अशी चित्रे पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात.) कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार; चित्रीकरणापूर्वी वेषभूषा, पात्रे व त्यांच्या हालचाली यांची रेखाटने ते करीत. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले दामले आणि फत्तेलाल हेही हाताने चित्र काढणारे लोक होते. त्यांनी इतरांसह १९२९ मध्ये कोल्हापुरास प्रभात कंपनी स्थापन केली. ती १९३३ मध्ये पुण्यास आली आणि १९३४ मध्ये तिने 'जंबूकाका' हा चित्रांचा लघुपट काढला.

परंतु आपल्या विषयाशी सर्वांत निकटचे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा घेऊन परतल्यावर 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करावयाचे होते आणि चलच्चित्राच्या धंद्यावर कोणाचा विश्वास नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची चित्रे ठराविक अंतराने एकेक करून घेतली, आणि दाणा अंकुरून वेल होण्याची सारी क्रिया काही क्षणांत पडद्यावर दाखविली. 'अंकुराची वाढ' पाहिल्यावर कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. अल्प खर्चात, एकेका चौकटीने, भावी चित्रपटाची शक्यता दुसऱ्याच्या डोळ्यांस पटवून देणे हेच आज ज्यास 'ॲनिमॅटिक' म्हणतात त्याचे कार्य. चित्रसंहितेतील चित्रांना त्यांचा कालावधी व ध्वनी जोडून ती ओळीने चालविली की ॲनिमॅटिक तयार होते.

आता साधनांकडे वळू. इंग्रजीत ज्या शब्दाने 'विनामूल्य' आणि 'बंधनरहित' हे दोन्ही अर्थ सांगितले जातात त्याने त्या भाषेत बराच गोंधळ माजविला आहे. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन निराळे शब्द आयतेच आहेत. फुकट साधन उद्या सशुल्क होऊ शकते. मुक्त साधनाची मूळ आज्ञावली उघडी असते, ती कोणीही तपासावी, बदलावी आणि वाटावी अशी लेखी अनुज्ञा तिच्यासोबत असते. पुढे उल्लेखिलेली साधने मुक्त आहेत, आणि विभागाच्या तुटपुंज्या अनुदानापेक्षा हेच कारण मला अधिक वजनाचे वाटते.

निव्वळ चित्रसंहितेसाठी 'स्टोरीबोर्डर' हे साधन सर्वांत सुटसुटीत आहे. वंडर युनिट या संस्थेने ते केले. एका चौकटीस एक चित्र. त्याखाली संवाद, क्रिया आणि टीप यांच्यासाठी जागा. प्रत्येक चौकटीस कालावधी. ज्यांस संगणकावर रेखाटता येत नाही त्यांच्यासाठी छापील कोरे तक्ते काढून त्यांवर पेन्सिलीने चित्रे काढावीत व त्यांचे छायाचित्र परत आत घ्यावे, अशी सोय आहे. ज्यांस कागदावरही रेखाटता येत नाही (प्रस्तुत लेखक या वर्गातला) त्यांच्यासाठी त्रिमितीय बाहुल्या मांडून कॅमेऱ्याची जागा ठरविण्याची व्यवस्था आहे. त्याची तिसरी आवृत्ती २०२१ ची असून त्यानंतर त्यावर फारसे काम झालेले दिसत नाही. तथापि आमच्यासारख्यांची गरज ती भागविते.

या साधनात लिखित पटकथाही घालता येते, आणि येथे मराठी लेखकास एक मौजेची अडचण येते. ही पटकथा 'फाउंटन' नावाच्या साध्या लेखनपद्धतीत लिहिता येते. या पद्धतीत ओळीचे स्वरूप पाहून तिचे कार्य ओळखले जाते : सर्व अक्षरे मोठ्या लिपीत असली की ती ओळ पात्राचे नाव, आणि आरंभी 'आत' वा 'बाहेर' या अर्थाची ठराविक इंग्रजी आद्याक्षरे असली की ते दृश्याचे शीर्षक. देवनागरीत मोठी आणि लहान अशी दोन वर्णकुळे नाहीत. म्हणून 'आजी' हे पात्राचे नाव आहे की वाक्याचा आरंभ, हे यंत्रास कळावे कसे? प्रत्येक ओळ पात्र समजणे आणि एकही ओळ पात्र न समजणे, या दोन्ही चुका संभवतात. सुदैवाने या पद्धतीच्या कर्त्यांनी सक्तीची चिन्हेही ठेवली आहेत. पात्रनामापूर्वी @ हे चिन्ह, दृश्यशीर्षकापूर्वी एक टिंब, आणि निव्वळ क्रियेच्या ओळीपूर्वी उद्गारचिन्ह. ही तीन चिन्हे विद्यार्थ्यांनी प्रथम दिवशीच अंगवळणी पाडावीत. एका लिपीची सवय सार्वत्रिक नियम म्हणून कशी स्थापित होते याचे हे उदाहरण लिपिविज्ञानाच्या तासासही उपयोगी आहे.

इतर साधनांपैकी 'पेन्सिल टूडी' हे लहान, जुन्या यंत्रावरही चालणारे, आरंभासाठी उत्तम. 'क्रिता' हे मुख्यतः चित्रकारांचे साधन, त्यात २०२१ च्या अखेरीस आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून स्टोरीबोर्डची स्वतंत्र खिडकी आहे. 'सिनफिग'मध्ये दोन स्थिती आपण द्याव्या आणि मधली चित्रे यंत्राने भरावी, असा प्रकार आहे. 'ओपनटून्झ' याची वंशावळ मोठी : इटलीत तयार झालेले आणि जपानच्या जिब्ली चित्रशाळेने वापरलेले 'टून्झ' २०१६ मध्ये मुक्त झाले ते हे. कागदावरची रेखाटने आत घेऊन रंगविणाऱ्यास ते सोयीचे. नवख्यास मात्र त्याचा व्याप दडपून टाकतो.

'ब्लेंडर'ची गोष्ट निराळी आहे. त्याची कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये जगभरच्या वापरकर्त्यांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमविले आणि त्याची आज्ञावली मुक्त करून घेतली. त्यातील 'ग्रीस पेन्सिल' या साधनाने त्रिमितीय अवकाशात सपाट रेघ काढता येते : खोली घनाकृतींची, माणूस रेखाचित्राचा, आणि कॅमेरा खऱ्यासारखा फिरणारा. लाटव्हियाचे गिंट्स झिल्बालोडिस यांनी 'फ्लो' हा चित्रपट ब्लेंडरमध्ये केला आणि त्यास २०२५ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. येथे एक कबुली दिली पाहिजे. त्यांनी रूढ अर्थाची चित्रसंहिता केलीच नाही. त्रिमितीय जागेत कॅमेरा फिरवीत थेट ॲनिमॅटिक रचले. तेव्हा चौकटी काढल्यावाचून चित्रपट होत नाही असा सिद्धांत कोणी मांडू नये. मात्र त्यांची मांजर हवी तितक्या वेळा पुन्हा चालविता येत होती. पाडावयाचा वाडा पुन्हा उभा करता येत नाही.

प्रत्यक्ष काम कसे करावे, ते अडसरावरच पाहू. वाक्य एकच आहे : "हा असा ओढायचा नि पलीकडच्या खोबणीत सारायचा." पहिली चौकट : बंद दार संपूर्ण, बाजूस आजी, वस्तू कोठे आहे हे यावरून कळते. दुसरी : भिंतीतील चौकोनी छिद्र व त्यातून डोकावणारे लाकडाचे टोक. तिसरी : हात टोक धरून ओढतो; वासा डावीकडून उजवीकडे येतो. चौथी : समोरची खोबण, तीत टोक शिरते. पाचवी : पुन्हा संपूर्ण दार, आता अडसर घातलेले. 'ओढणे' आणि 'सारणे' ही दोन क्रियापदे दोन चौकटी मागतात. 'पलीकडच्या' हे विशेषण कॅमेऱ्यास दाराच्या आतल्या बाजूस बसवते, कारण बाहेरून त्यास अर्थच नाही. तिसऱ्या व चौथ्या चौकटीत दिशा उलटली तर पाहणाऱ्यास वासा परत गेला असे वाटेल. भिंतीच्या आतील पोकळी मात्र कोणत्याही कॅमेऱ्यास दिसत नाही. तेथे सचेतनपटाचा उपयोग : भिंतीचा छेद रेखाटून वासा आत कोठवर जातो ते दाखवावे. चार सेकंदांच्या या तुकड्यास सेकंदास चोवीस या हिशेबाने ९६ चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटी टिकविले तर ४८ चित्रे पुरतात, आणि पेन्सिल टूडीवर ती दोन दुपारींत होतात. याच मापाने पाच मिनिटांच्या सबंध चित्रपटास ३६०० चित्रे लागतील. सर्वच चित्रपट सचेतन करू, असे उत्साहाने म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवितो.

मराठी अक्षरांविषयी आणखी एक सूचना. प्रत्येक साधनात देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतीलच असे नाही. काम आरंभण्यापूर्वी 'किल्ल्यातल्या', 'दऱ्या', 'ऱ्हस्व' हे तीन शब्द टंकित करून पाहावेत. पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे पडली, पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसली, अथवा 'दऱ्या'चे 'दर्या' झाले, तर तेथे मजकूर टंकित न करता चित्रात हातानेच लिहावा.

जतनाचाही विचार आरंभीच करावयास हवा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील भांडारास आग लागून जुन्या ज्वालाग्राही फितींचा मोठा साठा नष्ट झाला. त्यात प्रभातच्या चित्रपटांचेही साहित्य होते. संगणकीय साहित्य जळावेच लागत नाही. ते उघडणारे साधन नाहीसे झाले की पुरते. यास्तव प्रत्येक साधनाच्या स्वतःच्या संचिकेबरोबर चौकटींची सुटी, अनुक्रमांकित चित्रे आणि संपूर्ण संहितेची पीडीएफ प्रत ठेवावी, आणि एक प्रत छापून काढावी. ती छापील प्रत आमच्या अनुभवात चित्रीकरणाच्या दिवशीही सर्वांत उपयोगी पडते, कारण जुन्या वाड्यात संगणक ठेवावयास जागा नसते आणि विजेचा भरवसा नसतो.

सध्या पेठेतच आणखी एका वाड्याची परवानगी मिळाली आहे. या खेपेस दोन दिवसांची. पंचेचाळीस शब्दांच्या १३० चौकटी विद्यार्थ्यांनी काढून आणल्या आहेत. मागील आठवड्यात त्या तेथील वृद्ध गृहस्थांना आधी दाखविल्या, तेव्हा त्यांनी सातव्या पानावर बोट ठेवले. "काका, इथे काही चुकले का?" असे विद्यार्थिनीने विचारले. "अहो, ही दिवळी नव्हे, हा कोनाडा. दिवळी लहान असते, तिच्यात फक्त पणती राहते," असे ते म्हणाले, आणि तिच्या हातची पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतःच ती शेजारी काढून दाखविली. ते रेखाटन आम्ही १३१ वी चौकट म्हणून जोडले आहे.